कॅन्डिड, कांदिद आणि हरिश्चंद्रातला श

मुहूर्ताला अर्धा तास उरलेला असतो. मंगल कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत फोटोग्राफर मैत्रिणींच्या घोळक्याला सांगतो, "ताई, आता एक कॅन्डिड देऊन टाका. माझ्याकडे बघू नका, आपापसात हसा." मग चौघीपाचजणी कशावर हसायचं ते आधी ठरवतात, एक जण शालूच्या निऱ्या सावरते, एक जण डोळ्यांवर आलेली बट मागे घेते, आणि तीन म्हणताच सगळ्या हसतात. फोटो झकास येतो, त्याबद्दल तक्रार नाही. खटकतं ते 'देऊन टाका'. जे समोरच्याच्या नकळत टिपायचं, तेच मागून घ्यायचं. दरपत्रकातही 'ट्रॅडिशनल' आणि 'कॅन्डिड' अशा दोन वेगळ्या ओळी असतात आणि दुसरीचा आकडा बहुधा मोठा असतो. आता त्याच रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन कॅन्डिड मागा. पावडरचा डबा मिळतो. पावसाळ्यात जांघेत, काखेत येणाऱ्या बुरशीच्या खाजेवर लावायची, क्लोट्रिमॅझोल १ टक्का असलेली पावडर. आणि रोमानियातल्या बुखारेस्टमधल्या एखाद्या शाळामास्तराला विचाराल, तर तो म्हणेल की कांदिद म्हणजे ज्याच्या मनात पाप नाही असा, लहान मुलासारखा. रोमन अक्षरं तीच, क्रम तोच. एकीकडे नकळत टिपलेला फोटो, एकीकडे खाजेची पावडर, एकीकडे निष्पाप जीव. आणि इंग्रजी शब्दकोशात पहिला अर्थ दिलेला असतो तो परखड, आडपडदा न ठेवता बोलणारा.

फोटोवाल्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याचा खरा झगडा पांढऱ्या रंगाशी असतो. कॅन्डिडवाल्याच्या कॅमेऱ्याला बहुतेकदा ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स असते, नाहीतर ७०-२०० ची लांब नळी. लांब उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, भटजी आणि मामा यांच्या मधल्या फटीतून चेहरा पकडायचा. इथवर सोपं. मग अंतरपाट येतो. चौकटीचा अर्धा भाग एकदम पांढऱ्या कापडाने भरतो आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे, असं धरून तो हिशेब करतो. मोठं पांढरं कापड दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो चित्र अंधारतो. अंतरपाट राखाडी पडतो आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन चेहरे काळवंडतात. मुरलेला हात अशा वेळी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वर चढवून ठेवतो. दुसरा घोळ रंगाचा. स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यांचं पांढरं ३२०० केल्विनच्या आसपास, खिडकीतून येणाऱ्या दिवसाचं ५५०० च्या आसपास, आणि वरच्या नळ्यांचं तिसरंच. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो दर फोटोला वेगळं पांढरं निवडतो आणि अल्बममध्ये तीच नवरी एका पानावर हळदीची, पुढच्या पानावर निळसर दिसते. म्हणून आकडा हाताने ठरवून द्यावा लागतो.

म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. रोमन लोकांनी ते ठरवताना दोन शब्द ठेवले होते.

एक आल्बुस. चुन्याच्या भिंतीचं, पिकलेल्या केसांचं, घाबरलेल्या चेहऱ्याचं पांढरं. दुसरा कान्दिदुस. उन्हातल्या बर्फाचं, चकाकणारं, ज्याच्यातून उजेड येतोय असं वाटतं ते. रोमन महाकवी व्हर्जिलच्या काव्यावर चौथ्या शतकात टीपा लिहिणारा सर्व्हियस हा फरक नेमका सांगतो : कान्दिदुस म्हणजे तेजाने न्हालेलं, आल्बुस म्हणजे फिकटपणाच्या शेजारचं. काळ्याचीही त्यांनी अशीच जोडी केली होती, निस्तेज काळा आतेर आणि तुकतुकीत काळा निगेर. आपल्याकडे पांढरा आणि शुभ्र यांच्यात थोडासा असाच दुरावा आहे, पांढराफटक आणि पांढराशुभ्र यांच्यात तर पुरताच. कान्दिदुस निघाला कान्देरे या क्रियापदावरून, म्हणजे चकाकणे, तापून पांढरं होणे. लॅटिनमध्ये '-एरे'वरून '-इदुस' बनवायचा कारखानाच होता. स्प्लेन्देरेचं स्प्लेन्दिदुस, तिमेरेचं तिमिदुस, पालेरेचं पालिदुस. हे सगळे इंग्रजीतही आले आणि रोमानियनमध्येही, आणि दोन्हीकडे अर्थाने जवळजवळ जागच्या जागी राहिले. बुखारेस्टचा तिमिद माणूस लंडनमध्येही बुजराच असतो. फुटला तो एकटा कान्दिदुस.

त्या फुटण्याची तयारी रोममध्येच झाली होती, आणि तीही धोबीघाटावर. रोमन टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, लोकरीचा. लोकरीचा मूळ रंग पिवळट, म्हणजे साधा टोगा फार तर आल्बुस. तो कान्दिदुस करायचा तर परटाकडे, फुल्लोकडे द्यावा लागे. आधी हौदात पाणी, माती आणि साठवलेली लघवी. लघवी आंबली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीतला तेलकटपणा तोडतो. परीट हौदात उभा राहून पायांनी कापड तुडवी. पुढचा क्रम प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवला आहे : प्रथम सार्डिनियाच्या मातीने धुवायचं, मग गंधकाची धुरी द्यायची, मग दुसऱ्या मातीने घासायचं. धुरीसाठी वेताचा कमानदार सांगाडा असे. त्यावर कापड पसरायचं आणि खाली गंधक जाळायचं. पॉम्पेईतल्या परटाच्या कारखान्यातल्या चित्रात असा सांगाडा डोक्याखांद्यांवर घेऊन चाललेला कामगार आजही दिसतो. धुरी ही परीक्षाही होती. कापडाचा रंग कच्चा असेल तर गंधकाने तो काळवंडून उतरतो, असं प्लिनी बजावतो. रंग पक्का असेल तर तो नुसता मलूल होतो आणि किमोलोस बेटाच्या मातीने पुन्हा खुलतो. पांढऱ्या कापडाला मात्र किमोलोसची माती नको, तिथे सॅक्सुम नावाची दगडी माती बरी, कारण ती रंगाची वैरीण.

एवढं करूनही निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाचं समाधान होत नसे. तो टोग्यावर वरून खडूची भुकटी चोळून घेई. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, हजारो मातकट टोग्यांच्या गर्दीत हा एक झगझगीत उठून दिसावा, म्हणून. अशा टोग्याला तोगा कान्दिदा म्हणत आणि तो घालून मतं मागत फिरणाऱ्याला कान्दिदातुस. कॅन्डिडेट तो हाच. इसवीसनापूर्वी ४३२ साली मतं मागण्यासाठी कपड्याला जादा पांढरं लावायची बंदी करणारा कायदा झाला, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. पुढच्या चार शतकांत पांढऱ्या टोग्यातले उमेदवार फिरतच राहिले, त्यावरून कायद्याचं काय झालं ते उघड आहे. सिसेरोने इसवीसनापूर्वी ६४ साली प्रतिस्पर्ध्यांवर केलेल्या भाषणाचं नावच 'इन तोगा कान्दिदा' असं पडलं. खडूच्या भुकटीची अडचण अशी की ती लोकरीला चिकटत नाही. झटकली की उडते, घाम आला की तिचे लगदे होतात, आणि गळाभेट घेणाऱ्याच्या खांद्यावर डाग उमटतो. आपल्या पुढाऱ्यांच्या परीटघडीच्या खादीवर नीळ असते. निळा अंश पिवळेपणाला मारतो आणि डोळ्याला कापड जास्त पांढरं वाटतं. भुकटीपेक्षा ही युक्ती केव्हाही टिकाऊ.

तेव्हा शब्दाला पहिला नैतिक रंग चढला तोच संशयास्पद होता, असं म्हणता येईल. पण लॅटिनमध्ये त्याची दुसरी, चांगली चालही होती. होरेस कवी आल्बियुस नावाच्या मित्राला पत्र लिहितो आणि पहिल्याच ओळीत त्याला आपल्या रचनांचा 'कान्दिदुस न्यायाधीश' म्हणतो. मित्राच्या नावात आल्बुस, बिरुदात कान्दिदुस, एका ओळीत दोन्ही पांढरे बसवले आहेत. इथे अर्थ आहे मनात काळंबेरं न ठेवता, दुसऱ्याचं लिखाण सहृदयपणे तोलणारा. हे पान लक्षात ठेवायला हवं, कारण इंग्रजी पुढे इथूनच उचलणार आहे.

आता रोमानिया. लॅटिनची लेक म्हटल्यावर हा शब्द तिच्याकडे थेट आईकडून आला असेल, असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही, आणि ते एका स्वरावरून कळतं. लॅटिनमधून लोकांच्या तोंडून झिजत आलेल्या शब्दांत 'न' किंवा 'म'च्या आधीचा आघातयुक्त आ रोमानियनमध्ये दबून एक वेगळाच स्वर होतो. जीभ वर नेऊन, ओठ न गोल करता काढलेला, घशाकडे अडकल्यासारखा. काम्पुसचं, म्हणजे शेताचं, 'कंप' होतं. क्वान्दो, म्हणजे केव्हा, त्याचं 'कंद'. लाना, म्हणजे लोकर, तिचं 'लनं'. (देवनागरीत हा स्वर बसत नाही, अ वर भागवून घेतलं आहे.) कान्दिदुस वारशाने आला असता तर त्याचाही आ असाच दबला असता. आणि शेपटीही झिजली असती. रापिदुसचं पाहा, वारशाने आलेलं रूप आहे रेपेदे, म्हणजे लवकर, भरभर. लिम्पिदुसचं लिंपेदे, नितळ. नंतर पुस्तकातून पुन्हा रापिद आला, आणि आता आगगाडी आणि फुटबॉलचा क्लब रापिद असतो, पण आई मुलाला ओरडते ती रेपेदे म्हणून. कांदिदच्या अंगावर अशी झीज कुठेच नाही. तो कोरा करकरीत आहे. म्हणजेच मागवलेला आहे.

मागवला पॅरिसहून, १९ व्या शतकातल्या मोठ्या खरेदीत. त्याआधी शेकडो वर्षं रोमानियन भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जात होती. देवळातली भाषा स्लाव्होनिक होती, दरबारात ग्रीक आणि तुर्की शब्दांची वर्दळ. ट्रान्सिल्व्हानियातल्या पंडितांनी आपण रोमचे वारस आहोत हे ठासून मांडायला घेतलं. बुडा इथे १८२५ साली छापलेला त्यांचा चार भाषांचा कोश या खटाटोपातलाच. १८६० च्या दशकात लिपीही लॅटिन झाली. शिकायला पॅरिसला गेलेली पिढी परत येताना फ्रेंच शब्दांच्या पेट्या घेऊन आली. कांदिद त्यातला. फ्रेंचमध्ये तेव्हा या शब्दावर निरागसतेची दाट साय आलेली होती. व्हॉल्तेरने १७५९ साली आपल्या नायकाला हेच नाव दिलं होतं, आणि तो नायक म्हणजे गुरुजींनी सांगितलेलं सगळं खरं मानून जगभर मार खाणारा. रोमानियनने पांढऱ्या रंगासाठी स्वतःचा आल्ब जपून ठेवला होता, हिमगौरीला तिथे आल्ब का झपादा म्हणतात आणि नाताळच्या गाण्यांत 'फ्लोरिले दाल्बे', शुभ्र फुलं, हे पालुपद घोळतं. त्यामुळे कांदिदला रंगाचं काम उरलंच नाही. तो आला तो थेट मनाच्या खात्यावर : निर्मळ, निष्कलंक, भाबडा.

व्याकरणात मात्र त्याला घरच्यासारखंच वागवलं. आपल्या पांढरा-पांढरी-पांढरं सारखी रूपं होतात. पुल्लिंगी कांदिद, आघात पहिल्या अक्षरावर. स्त्रीलिंगी कांदिदं, शेवटचा स्वर आपल्या 'चांदणं'मधल्यासारखा. पुल्लिंगी अनेकवचनात द चा झ होतो, कांदिझि, शेवटची इ नुसती कुजबुजायची. स्त्रीलिंगी अनेकवचन कांदिदे. नपुंसकलिंग एकवचनात पुरुषासारखं आणि अनेकवचनात बाईसारखं चालतं. शिकणाऱ्याची गाडी अडते ती बहुतेक त्या झ वर. कोशात कांदिझि शोधायला गेलं की सापडत नाही, कारण कोशात फक्त एकवचन. विशेषण नामामागून येतं, सुफ्लेत कांदिद, निर्मळ आत्मा. कवीला लाडात यायचं असलं की ते पुढे येतं आणि 'तो' दाखवणारा प्रत्यय नामाऐवजी विशेषणालाच चिकटतो, कांदिदुल सुफ्लेत. इंग्रजीत यातलं काहीच नाही. कॅन्डिड एक माणूस असो की दहा बायका, शब्द खांबासारखा उभा.

त्याच धातूची बाकी भावंडं दोन्ही भाषांत निरनिराळ्या दारांनी शिरली. इंग्रजीत मेणबत्तीचा कॅन्डल मिशनऱ्यांबरोबर फार आधी आला, मेणबत्त्या करणारा शँडलर नॉर्मन फ्रेंचमधून आणि झुंबराचा शँडेलिअर त्याहून पुष्कळ उशिरा. रोमानियनमध्ये मेणबत्ती लुमनारे, म्हणजे उजेडवाली, पण देव्हाऱ्यातल्या तेलदिव्याला कांदेलं म्हणतात आणि तो ग्रीक-स्लाव्ह चर्चच्या वाटेने आला. आग लागली तर ती इंचेंदिउ, तीही याच धातूची. इटालियनमध्ये कपडे पांढरे करायच्या ब्लीचला कान्देज्जिना म्हणतात, म्हणजे तिकडे शब्द अजून परटाच्या हौदातच आहे. गोव्यात पोर्तुगीजांमागून हे बाईमाणसाचं नाव झालं, कँडिडा. आणि ती पावडर? १९२३ साली क्रिस्टीन बर्कहाउट या डच संशोधक बाईंनी यीस्टच्या एका वंशाला कॅन्डिडा नाव दिलं. तिची सगळ्यात कुप्रसिद्ध जात कॅन्डिडा आल्बिकान्स. लहान बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरते ती. आधी कान्दिदुस आणि मागून आल्बुस, होरेसच्या ओळीतली जोडी इथे बुरशीच्या वाट्याला आली. औषधाने नाव शत्रूचंच घेतलं. गोड कँडीचा मात्र या घराण्याशी संबंध नाही. ती आपली खांड, फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेलेली.

इंग्रजीतली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि खरं तर मला तीच जास्त आवडते. १७ व्या शतकाच्या पूर्वार्धात पंडितांनी हा शब्द आणला तो आधी चक्क पांढरा या अर्थाने. तो चालला नाही. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पांढरा हा अर्थ पहिला दिला आहे, पण विरळा असा शेरा मारून. चालला तो होरेसवाला अर्थ : आकस न धरणारा, दुसऱ्याबद्दल बरं बोलायची तयारी असलेला. १८ व्या शतकातले लेखक प्रस्तावनेत 'कॅन्डिड वाचका'ला हात जोडतात, ते 'बाबा रे, झोडून काढ' म्हणून नव्हे, सांभाळून घे म्हणून. जेन ऑस्टिनच्या १८१३ मधल्या कादंबरीत एलिझाबेथ आपल्या मोठ्या बहिणीला म्हणते की कॅन्डिड असल्याचा आव आणणारे पुष्कळ असतात, पण मनापासून कॅन्डिड असणं, प्रत्येकातलं चांगलं तेवढं घ्यायचं, ते वाढवून सांगायचं आणि वाईटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे फक्त तुलाच जमतं. आजचा विद्यार्थी हे वाक्य वाचून हमखास गोंधळतो. वाईटाबद्दल गप्प बसणारी बाई कॅन्डिड कशी? त्याच्या डोक्यात अर्थ बरोबर उलटा बसलेला असतो.

उलटा कसा झाला, त्याचा एक सांधा नेमका सापडतो. १७९८ साल. फ्रान्सशी युद्ध चालू आहे, आणि इंग्लंडमध्ये शत्रूचीही बाजू समजून घ्या म्हणणारे उदारमतवादी आहेत. जॉर्ज कॅनिंग, जो पुढे पंतप्रधान झाला, 'अँटी-जॅकोबिन' या नियतकालिकातल्या एका उपहासपर कवितेत अशांच्या समदृष्टीची टर उडवतो. यांना म्हणे काळं फारसं काळं दिसत नाही आणि पांढरं फारसं पांढरं. आणि मग ती ओळ, जी म्हण होऊन बसली : उघड शत्रू परवडला, त्याच्याशी दोन हात करता येतात, पण देवा, मला कॅन्डिड मित्रापासून वाचव. इथला कॅन्डिड मित्र अजून जुन्याच अर्थाचा आहे, सगळ्यांशी सारख्या न्यायाने वागणारा. पण जो शत्रूला न्याय देतो, तो त्याच न्यायाने मित्राचे दोषही मोजतो. शत्रूला सवलत मिळते ती त्याला दिसते, मित्राला दिसते ती फक्त मोजणी. ओळ लोकांच्या तोंडी रुळली, संदर्भ गळून पडला, आणि उरला तो मैत्रीच्या नावाखाली फाडफाड बोलणारा माणूस. खुला, निष्कपट हा अर्थ १७ व्या शतकापासून आत होताच. १९ व्या शतकात त्याने मवाळ भावाला घराबाहेर काढलं.

कॅमेरा त्याच्याही पुढे गेला. १९२४ च्या सुमारास जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा निघाला, एफ २ आणि पुढे एफ १.८ ची जबरदस्त लेन्स, साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचपट्ट्या. फ्लॅशशिवाय दिव्याच्या उजेडात फोटो निघू लागला. बर्लिनच्या एरिक सॉलोमनने १९२८ साली हा कॅमेरा टोपीत लपवून खुनाच्या खटल्यात नेला आणि कोर्टाचे फोटो काढले. मग आंतरराष्ट्रीय परिषदांत शिरून त्याने मध्यरात्रीनंतर खुर्चीत पेंगणारे मंत्री टिपले. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री ब्रियां त्याला आगाऊपणाचा राजा म्हणे. ज्यू असल्यामुळे १९४४ साली आउशविट्झमध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या फोटोंसाठी लंडनच्या 'द ग्राफिक'च्या लोकांनी 'कॅन्डिड कॅमेरा' हा शब्द चालवला, असं छायाचित्रणाचे इतिहासकार नोंदवतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याच नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम आला, आणि आता लपवाछपवी शब्दातच मुरली. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो कॅन्डिड, आणि ज्याच्यापासून कॅमेरा लपवला तो फोटोही कॅन्डिड. रोमानियनने अशा कार्यक्रमांना कामेरा आस्कुन्सं म्हटलं, म्हणजे लपवलेला कॅमेरा. सरळ काम.

दोन्ही भाषांत मिळून एक फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. कॅन्डिड इंग्रज समोर आला की किंमत ऐकणारा मोजतो. कांदिद रोमानियन समोर आला की किंमत तो स्वतः मोजतो, कारण त्याला कुणीही टोपी घालू शकतं. म्हणून अनुवादकाची फसगत ठरलेली. इंग्रजी बातमीतल्या मंत्र्याच्या कॅन्डिड मुलाखतीचं 'इंतेर्व्यू कांदिद' केलं की मंत्रिमहोदय दुधखुळे होतात. तिथे सिंचेर हवा, नाहीतर फ्रांक. नव्या पिढीत इंग्रजीचं पाणी शिरलंय, फोटोवाले 'फोटोग्राफी कांदिद' म्हणतात आणि शब्दाला रूपच देत नाहीत. बरंच आहे ते. कांदिदे म्हटलं तर फोटो निष्पाप, कांदिद तसाच ठेवला तर फोटो नकळत काढलेले. प्रत्यय लावला की न लावला यावरून कोणता माल देशी आणि कोणता विलायती ते कळतं. मराठीत आणताना आपल्याला निदान चार शब्द वाटून घ्यावे लागतात. मुलाखत दिलखुलास, टीका परखड, मूल निरागस, आणि गावच्या आजी भोळ्याभाबड्या. दोन्ही टोकं सांभाळणारा शब्द आपल्याकडे एकच दिसतो, तो म्हणजे स्वच्छ. मनाने स्वच्छ माणूस हा रोमानियन कांदिद. आणि 'मी त्याला स्वच्छ सांगितलं, जमणार नाही' हा इंग्रजी.

राहिला आपला स्वतःचा वाटा, तो कुणाकडून उसना घेतलेला नाही. कान्देरेचा जो मूळ धातू भाषाशास्त्रज्ञ मांडतात, चकाकणे या अर्थाचा, त्याच्या सुरुवातीला कधी असणारा, कधी नसणारा स होता. संस्कृतात त्यातूनच चंद्र आला. ऋग्वेदात चंद्र हे मुळात विशेषण आहे, झळझळीत, सोन्यासारखं. चांदोबाचं नाव होतं मास्, ज्याच्यावरून आपला महिना आला. तेजस्वी मास् तो चंद्रमस्. पुढे विशेषणानेच गादी बळकावली, आणि चांदणं, चांदी, चंदेरी ही सगळी त्याची प्रजा. सुरुवातीचा स बहुतेक ठिकाणी गळला, स्टार आणि तारा यांच्यात गळला तसाच. पण वेदांतल्या सामासिक शब्दांत तो अडकून राहिला. अग्नीला पुरुश्चंद्र म्हणतात, पाण्याला विश्वश्चंद्र म्हणतात. आणि हरि अधिक चंद्र यांचं हरिचंद्र न होता हरिश्चंद्र होतं. तो मधला श संधीच्या कुठल्याही सरळ नियमाने येत नाही. तो हजारो वर्षांपूर्वीचा मूळचा स आहे, पुढच्या च मुळे श झालेला. सत्यवचनी राजाचं नाव आणि आडपडदा न ठेवणाऱ्या माणसाचं इंग्रजी विशेषण एकाच घरातलं निघावं हा मात्र निव्वळ योगायोग. हरिश्चंद्राला सत्य चिकटलं ते कथेमुळे, धातूमुळे नव्हे.

पाणिनीला हा श दिसला होता. त्याच्याकडे लॅटिन नव्हतं, त्यामुळे त्याने उलटा हिशेब मांडला : मंत्रांत ऱ्हस्व स्वरापुढे चंद्र आला तर मध्ये सुट् हा आगम, म्हणजे एक जादा स, घाला. आणि हरिश्चंद्रासाठी सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात वेगळं सूत्रच केलं, 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी', म्हणजे ही दोन रूपं ऋषींची नावं असतील तेव्हाच. पाणिनीच्या सूत्रांवर काशिका ही टीका लिहिणारे लगेच विचारतात, ऋषी असं कशाला म्हटलं? आणि उत्तर देतात, एरवी 'हरिचन्द्रो माणवकः', साधा पोरगा असेल तर श नाही. हा नियम लावायचा तर महाराष्ट्रातल्या मतदारयाद्यांतले सगळे हरिश्चंद्र ऋषी ठरतात, आणि त्यातले उभे राहणारे, ऋषीही आणि कान्दिदातुसही.